हर्षिताच्या नावावरचा आजार

हर्षिता घाटगेला जन्मात कधी साधा टायफॉईडसुद्धा झाला नव्हता. आणि तरी जयनगरातल्या सगळ्या मराठा मंडळींत तिची ओळख काय, तर 'ती कॅन्सरमधून उठलेली सून'. हे कसं झालं ते आधी ऐका, आणि मग कुणाला शिव्या घालायच्या ते तुमचं तुम्ही ठरवा.

घाटगे म्हणजे बेंगळुरातलं जुनं घराणं. साडेतीनशे वर्षांत घरातल्या मराठीत निम्मं कन्नड मिसळलं, पण ऐट काही कमी झाली नाही. सासरे विश्वासराव सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. सासूबाई सोयराबाई, म्हणजे घरातलं हायकोर्ट. नवरा अभिराज मारतहळ्ळीला एका मोठ्या कंपनीत. आणि धाकटी नणंद अक्षरा. हर्षिता स्वतः नर्स, यशवंतपूरच्या एका हॉस्पिटलात नोकरीला.

२०२१ साली, कोविडची दुसरी लाट ओसरत होती तेव्हा, अक्षराच्या मानेवर गाठ आली. चोवीस वर्षांची पोर. तपासलं तर लिंफोमा, रक्ताच्या कॅन्सरच्या जातीतला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, सहा महिने केमो घेतली की बरी होईल. बरी होईल हे ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव आला, आणि लगेच दुसरी काळजी सुरू झाली. बरी झाल्यावर हिच्याशी लग्न कोण करणार?

सोयराबाई चपात्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "हर्षिता, एकदा का हे नाव अक्षराला चिकटलं की तिचं सगळं संपलं बघ. तुझं हॉस्पिटल सोडून दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ, आणि तिथे तुझं नाव घालू या. तुझं लग्न झालंय. तुला काय फरक पडतोय?"

घ्या! तुला काय फरक पडतोय! जसं काही लग्न झालं की बाईचं नाव घरातल्या पातेल्यासारखं, ज्याला लागेल त्याने घ्यावं.

अभिराजने त्यात आणखी भर घातली. त्याच्या कंपनीच्या विम्यात बायको आणि आईवडील बसत होते, बहीण बसत नव्हती. "कागदावरच ग, हर्षी," तो म्हणाला, "कागद कोण बघतोय?" विश्वासरावांनी पेपर उघडला आणि तोंडासमोर धरला.

आणि हर्षिता हो म्हणाली. का म्हणाली, तर अक्षरासाठी. ती पोर दुपारभर तिच्या मांडीत तोंड खुपसून रडली होती, "वहिनी, मला मरायचं नाही," म्हणून. अशा वेळी विम्याचे नियम आठवतात होय कुणाला? हर्षिताचं कार्ड, हर्षिताचा आधार, आणि जिथे जिथे पेशंटची सही लागली तिथे हर्षिताची सही. अक्षराने फक्त हात पुढे करायचा आणि सुई टोचून घ्यायची. सगळ्यांच्याच तोंडाला तेव्हा मास्क. कोण कुणाचा चेहरा ताडून बघत होतं?

हर्षिताने नोकरी सोडली. अक्षरा पुण्याला कोर्ससाठी गेलीय असं सगळ्यांना सांगितलं होतं, त्यामुळे घरात बाहेरची बाई ठेवायची सोय नव्हती. सहा महिने तिने अक्षराच्या उलट्या काढल्या, तिच्या तोंडात फोड आले तेव्हा चमच्याने गार गंजी, म्हणजे पातळ पेज, भरवली, गळून पडलेले केस गोळा करून टाकले. वहिनीने केलं म्हणून ती पोर उभी राहिली, हे घरातल्या भिंतीसुद्धा सांगतील. माणसांनी मात्र कधी सांगितलं नाही.

पुढे काय झालं, तर मालनबाई. याच गल्लीतल्या, आणि गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय याची खबर ठेवणाऱ्या. त्या एकदा बहिणीला घेऊन त्याच हॉस्पिटलात गेल्या होत्या. कॅन्सरच्या विभागात माईकवर नाव पुकारलं, "हर्षिता घाटगे!" आणि समोर हर्षिता उभी, हातात फाईल. झालं. आठ दिवसांत सगळ्या समाजात बातमी फिरली.

सोयराबाईंनी ती खोडून काढली असेल असं वाटलं तुम्हाला? छे! मालनबाई चौकशीला आल्या तेव्हा त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "काय करायचं अक्का, आमच्या नशिबी आलं. सून झाली तरी पोटच्या पोरीसारखी आहे. करतोय होईल तेवढं." हर्षिता आत चहा गाळत होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आतल्या खोलीत अक्षरा झोपलेली. काय बोलणार? तिने चहा नेऊन दिला. मालनबाईंनी कप घेताना तिच्या हाताला हात लागू दिला नाही.

मग सोयराबाईंनी सांगितलं, "स्वल्प दिवस बाहेर जाताना डोक्याला स्कार्फ बांधत जा. लोक केसांकडे बघतात." आणि तिने बांधला! भरघोस केसांवर स्कार्फ बांधून ही बाई सहा महिने भाजी आणायला जात होती. इतका मूर्खपणा कुणी करतं का? करतं. घर आपलं आहे असं वाटत असलं की माणूस काहीही करतं.

अक्षरा ठणठणीत बरी झाली. दीड वर्षाने तिचं लग्न ठरलं, ईशान नावाच्या चांगल्या मुलाशी. लग्नात ईशानची मावशी मोठ्याने म्हणाली, "माणसं बघून पोरगी केली हो आम्ही. घरात एवढी आजारी सून, पण तोंडातून शब्द नाही. किती जपतात तिला!" सोयराबाईंनी ते कौतुक मान लववून घेतलं. हर्षिता तेव्हा अक्षराच्या मानेवरच्या व्रणावर हार नीट बसवत होती.

वर्षभराने अक्षरा आणि ईशान न्यूझीलंडला गेले. ऑकलंडला तिला चांगली नोकरी मिळाली होती. जाण्याआधी व्हिसासाठी मेडिकल, म्हणजे तब्येतीची तपासणी, झालं. फॉर्मवर प्रश्न होता, कधी कॅन्सर झाला होता का? अक्षराने लिहिलं, नाही. तिच्या नावावर कुठे काही नव्हतंच, मग कोण काय शोधणार? तपासण्या स्वच्छ निघाल्या. सोयराबाईंनी देवीला साडी चोळी केली.

आणि हर्षिताला मूल झालं नव्हतं. त्याचं खापरही त्याच आजारावर फुटलं. हळदीकुंकवाला गेली की बायका हळूच तिच्याकडे बघायच्या, "एवढ्या औषधांनी आतलं सगळं जळतं म्हणे." कीव करायच्या. तुम्हाला सांगते, रागावलेलं माणूस परवडलं, पण कीव करणारं नको. तिला या जयनगराचा, या बायकांचा, या घराचा वीट आला. तिने पुन्हा नोकरी धरली, पुस्तकं काढली, इंग्रजीची परीक्षा दिली, नर्सिंगची दिली. दोन वर्षं घासली. आणि या पावसाळ्यात तिलाही न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टन नावाच्या गावात, म्हाताऱ्या माणसांच्या एका केंद्रात नोकरी मिळाली. आधी तिने जायचं, मागून अभिराजने. अभिराज म्हणाला, "बघू." पण ती मात्र जाणारच होती. जिथे कुणी तिला आजारी म्हणून ओळखत नाही अशा जागी तिला जायचं होतं. बाकी काही नको होतं.

सोमवारी तिचं मेडिकल होतं. त्या देशाने नेमलेले डॉक्टर शहरात मोजकेच, आणि लवकरची तारीख मिळाली ती नेमकी त्याच हॉस्पिटलात. एवढी हुशार नर्स, पण तिच्या डोक्यात काही आलंच नाही. स्वतःचं नाव सांगताना कशाला कोण घाबरेल? काउंटरवर तिने नाव, जन्मतारीख आणि फोन नंबर सांगितला आणि जाऊन बसली.

डॉक्टर रघुपती पन्नाशीचे, शांत गृहस्थ. कन्नडमध्ये म्हणाले, "बसा. फॉर्मवर तुम्ही लिहिलंय, कॅन्सर कधी झाला नाही. पण आमच्या कॉम्प्युटरवर तुमची जुनी फाईल आहे. लिंफोमा, सहा केमो."

हर्षिता खुर्ची पुढे ओढून स्क्रीनकडे वाकली.

"एक तर तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंय, नाहीतर फाईलमध्ये घोटाळा आहे," डॉक्टर म्हणाले. "खरं असेल तर लपवू नका. सगळे रिपोर्ट जोडून मी पाठवतो, निर्णय ते घेतील. वेळ लागेल, कदाचित नाही म्हणतील. आणि फाईल तुमची नसेल, तर ती कुणाची ते मला सांगावं लागेल. गुरुवारी या आणि लिहून द्या."

केंद्राला ती पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हवी होती. थांबतील कशाला? त्यांना काय नर्सेसचा तुटवडा आहे? दुसरी घेतील. म्हणजे आजारी होते असं लिहिलं तर नोकरी गेली, हे तिला तिथेच कळलं. बाहेरच्या बाकावर बसून तिने अक्षराला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

अक्षराने सगळं ऐकून घेतलं. "वहिनी," शेवटी म्हणाली, "तू माझं नाव सांगितलंस तर मला इथून काढून टाकतील. मी फॉर्मवर नाही लिहिलंय. आणि ईशानला माहीत नाही ग."

"दोन वर्षं झाली लग्नाला, अजून सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? त्याची आई अजून विचारते, तुझ्या वहिनीची तब्येत कशी आहे." अक्षरा रडायला लागली. "वहिनी, इथे मला कुणी आजारी म्हणून बघत नाही. मी पण विसरले होते. तुझ्या पाया पडते, एवढं नको करू."

हर्षिताला राग यायला हवा होता, आला नाही. त्या पोरीला जे हवं होतं तेच तर तिलाही हवं होतं. फरक एवढाच की अक्षराला झालेला आजार मागे टाकायचा होता, आणि हिला न झालेला.

मंगळवारी संध्याकाळी घरात बैठक बसली. अभिराज ऑफिसातून आला, हातपाय धुतले, शांतपणे बसला. सोमवारी रात्री नवऱ्याला सांगितलं होतं ते सगळं हर्षिताने पुन्हा सगळ्यांसमोर सांगितलं. तिला वाटत होतं, कुणीतरी एकजण म्हणेल, पोरी, तू फार केलंस, आता आम्ही बघतो. बास, एवढंच. एवढं म्हटलं असतं तरी तिने हसत हसत नोकरीवर पाणी सोडलं असतं.

"त्यात विचार कसला करायचा?" सोयराबाई म्हणाल्या. "अक्षराचा संसार मोडायचा का? एवढे दिवस सगळ्यांना तसंच ठाऊक आहे. आणखी एका डॉक्टरला ठाऊक झालं तर तुझं काय जाणार आहे?"

"माझी नोकरी जाणार आहे, आत्याबाई."

"नोकरी इथेपण आहे की. तू गेल्यावर आमचं कोण बघणार होतं?"

अच्छा! म्हणजे पोटातलं ओठावर आलं एकदाचं. हर्षिताने सासऱ्यांकडे पाहिलं. "मामंजी, तुम्ही सांगा."

विश्वासराव चष्मा पुसत राहिले. "मी काय सांगू? घराण्याचं नाव आहे," एवढं पुटपुटून ते उठून गेले. घराण्याचं नाव! त्या बाईचं स्वतःचं एकुलतं एक नाव चार वर्षं वापरलं, त्याचं काही नाही.

अभिराज मात्र फार गोड बोलला. हात हातात घेतला, म्हणाला, "हर्षी, विम्याचं बाहेर आलं तर कंपनी मला एका दिवसात काढेल. पण मी तुझ्यावर जबरदस्ती करणार नाही. निर्णय तुझा. तू जे ठरवशील त्यात मी तुझ्याबरोबर आहे."

त्या एका वाक्याने ती विरघळली. खोटं कशाला बोला, बाईमाणसाला असं वाक्य किती दिवसांनी ऐकायला मिळतं! बुधवारभर ती विचार करत राहिली. अक्षराचं रडणं आठवलं, नवऱ्याची नोकरी डोळ्यांसमोर आली. गुरुवारी सकाळी डबा भरता भरता ती म्हणाली, "मी लिहून देते. आजारी होते म्हणून." अभिराजने तिच्या खांद्यावर थोपटलं. "सरी, बरं," म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

हॉस्पिटलात डॉक्टर रघुपतींनी कागद पुढे केला. हर्षिताने पेन उघडलं. मनात वाक्य तयार होतं. पण डॉक्टर आज तिच्याशी वेगळंच बोलत होते, हळू आणि समजुतीने, आपण घाबरलेल्या पेशंटशी बोलतो तसं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "आजारात लाज कसली? तुमच्या मिस्टरांनी सगळं समजावून सांगितलंय मला."

"मिस्टरांनी?"

"हो, ते येऊन गेले ना. जुने रिपोर्ट देऊन गेले, आणि हे पत्र." डॉक्टरांनी फाईलमधला कागद काढून तिच्यासमोर ठेवला.

पत्र इंग्रजीत होतं. माझी पत्नी हर्षिता हिला २०२१ साली लिंफोमा झाला होता. त्याचा तिच्या मनावर परिणाम झाला असून तेव्हापासून ती हा आजारच नाकारते. आजार आपल्याला नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाला झाला होता, असंही ती सांगेल. कृपया त्यावर विश्वास ठेवू नये आणि तिला सांभाळून घ्यावं. खाली सही, अभिराज विश्वासराव घाटगे. वर तारीख. मंगळवारची.

हर्षिताने तारीख दोनदा वाचली. "किती वाजता आले होते?"

"दुपारी. बारा-साडेबाराला आले असतील."

म्हणजे दुपारी हे पत्र देऊन तो संध्याकाळी घरी आला होता, हातपाय धुऊन शांतपणे बसला होता, तिचा हात हातात घेऊन निर्णय तुझा म्हणाला होता. कॅन्सर कमी पडला म्हणून आता वेडही तिच्या नावावर करून मोकळा झाला होता. आणि हे कशासाठी? ती तर सही करायलाच आली होती हो! स्वतःच्या पायांनी, रिक्षा करून आली होती. एवढं सगळं देऊन झाल्यावरही त्या माणसाला तिचा भरवसा नव्हता, हे तिला सगळ्यात जास्त लागलं. चार वर्षांत कीव करणाऱ्या बायकांनी मिळून जेवढं दुखवलं नव्हतं तेवढं त्या पाच ओळींनी दुखवलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "या फाईलमधल्या बाईचा रक्तगट काय आहे?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "ओ पॉझिटिव्ह."

"माझं रक्त घ्या."

डॉक्टरांनी पत्र उचलून बाजूला ठेवलं. "तुम्ही नर्स आहात. याचा अर्थ तुम्हाला कळतो ना? फाईल तुमची नाही असं ठरलं तर हे प्रकरण इथे थांबणार नाही. त्या सगळ्या कागदांवर सह्या तुमच्या आहेत. तुमच्या नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनवर येऊ शकतं. व्हिसा तर असाही मिळेल असं नाही."

"सह्या माझ्या आहेत, त्या मी नाकारत नाही," हर्षिता म्हणाली. "मी आजार नाकारतेय. व्हिसा नाही मिळाला तर न मिळो. पण आजारी म्हणून नको, आणि वेडी म्हणून तर नकोच नको."

रक्तगट बघायला किती वेळ लागतो? दहा मिनिटांत कागद आला. बी पॉझिटिव्ह.

मग तिने लिहिलं. ही फाईल माझी नाही, उपचार घेणारी व्यक्ती माझी नणंद. इथे पेन अडखळलं. गंजी भरवताना अक्षराने चमचा तोंडात घट्ट धरून ठेवलेला तिला आठवला. तरी तिने अक्षराचं नाव लिहिलं, पूर्ण, तिच्या सासरच्या आडनावासकट, आणि खाली स्वतःची सही केली.

बाहेर येते तोच अभिराजचा फोन. "झाली का सही?"

"झाली."

"छान. डॉक्टर काय म्हणाले?"

"तुझं पत्र दाखवलं."

तो घाईघाईने म्हणाला, "हर्षी, ऐकून घे, मी फक्त खबरदारी म्हणून..."

"मी काय सांगते ते ऐक," ती म्हणाली. "अक्षराला फोन कर. आत्ताच्या आत्ता कर. तिला सांग, तिचा आजार मी तिच्या नावावर लिहून दिलाय."

तिने फोन बंद केला आणि त्याच बाकावर बसली. तुम्हाला वाटेल, हलकं वाटलं असेल तिला. डोंबलाचं हलकं! तिला ढसढसा रडू आलं. नवऱ्यासाठी नाही, नोकरीसाठीही नाही. ज्या मानेवर तिने हार बसवला होता त्या मानेसाठी आलं. अक्षरा आता ऑफिसातून सुटली असेल, ईशानबरोबर स्वयंपाकाला लागली असेल. अभिराजचा फोन अजून तिला गेला नसेल.